"छान आहे हो" ऐकून घरी येऊ नका: ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या टीमने ॲपची युजर टेस्ट कशी करायची

ॲप तयार झालं की बहुतेक टीम काय करतात, तर ओळखीतल्या लोकांना लिंक पाठवतात, "बघ ना, कसं वाटतंय" असं विचारतात, पलीकडून "मस्त झालंय" आणि एक अंगठा येतो, की झाली टेस्टिंग. आपल्याकडे समोरच्याच्या तोंडावर त्याच्या कामाला नावं ठेवत नाहीत, आणि त्यात तो आपल्या घरी येऊन चहा पिऊन गेला असेल तर नाहीच नाही.

हे नुसतं निरीक्षण नाहीये, यावर अभ्यास झालाय. २०१२ साली निकोला डेल या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत ४५० जणांच्या मुलाखती घेतल्या. दोन पर्याय दाखवायचे आणि त्यातला एक मुलाखत घेणाऱ्यानेच बनवलाय असं लोकांना वाटू द्यायचं. दोन्ही पर्याय अगदी सारखे असतानासुद्धा "तुमचंच चांगलं" म्हणणारे साधारण अडीच पट निघाले, आणि मुलाखत घेणारा परदेशी आणि सोबत दुभाष्या असेल तर पाच पट. म्हणजे मत विचारलं की मत मिळत नाही, सौजन्य मिळतं. म्हणून या लेखात मत विचारायचंच नाहीये, लोकांना काम द्यायचं आणि गप्प बसून बघायचं, बस्स. ऐकायला सोपं आहे, करायला बऱ्यापैकी अवघड.

उदाहरण म्हणून समजा आपलं डब्याचं ॲप आहे. कळवा, नौपाडा भागातल्या काकू घरून पोळी-भाजीचे डबे देतात आणि ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या ऑफिसांतली मुलं ते लावतात. एका बाजूला डबा लावणारा, दुसऱ्या बाजूला डबा करणारी, दोघांची स्क्रीन वेगळी.

पायरी १: नक्की काय बघायचंय

"ॲप चांगलं आहे का" हा प्रश्न टेस्टमध्ये चालत नाही कारण त्याचं उत्तर बघता येत नाही. बघता येईल असा प्रश्न घ्या: नवीन माणसाला मदतीशिवाय आठवड्याचा डबा लावता येतो का, एका दिवसाचा खाडा टाकता येतो का, महिन्याचे किती झाले हे सापडतं का. काकूंच्या बाजूने एकच, पण जीवनमरणाचा: सकाळी उठल्यावर आज किती डबे हे एका नजरेत कळतं का. एवढंच घ्या. एका बैठकीत सगळं ॲप तपासायला गेलात तर समोरचा दमतो आणि शेवटच्या तीन कामांत तो काय करतो त्याला काही अर्थ राहत नाही.

आणि युजरला बोलवायच्या आधी घरातली झाडलोट करून घ्या. जेकब नील्सन आणि रॉल्फ मोलिच या ॲप-सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं हे तपासणाऱ्या तज्ज्ञांनी १९९० मध्ये एक स्वस्त पद्धत मांडली, तीन ते पाच जणांनी स्वतंत्रपणे बसून ठरलेल्या निकषांवर स्क्रीन तपासायची. नील्सनचे दहा निकष १९९४ पासून जवळजवळ तसेच वापरात आहेत. सिस्टीममध्ये काय चाललंय ते दिसतंय का, चुकून दाबलं तर मागे येता येतं का, लोकांची भाषा वापरलीय का, असे. त्याबरोबर मोजून होणाऱ्या गोष्टीही संपवा: साध्या अक्षरांचा मागच्या रंगाशी कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवा, बटण अँड्रॉइडवर निदान ४८ डीपी (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरची मापं) म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आयफोनवर ४४ पॉइंट. फिकट राखाडी अक्षरं वाचता येत नाहीत हे कळायला कुणाला कळव्याहून बोलवायची गरज नाही.

पायरी २: माणसं कोण आणि किती

पाच पुरतात, हे सगळीकडे ऐकू येतं, पण ते कुठून आलं ते माहीत असलेलं बरं. नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये बऱ्याच टेस्टचे आकडे एकत्र करून काढलं की एक युजर सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणजे ६९ टक्के राहून जातात. मग पाच जणांत किती? एकातून ०.६९ चा पाचवा घात वजा करा, ८४ टक्के येतात. पण हे सरासरीचं झालं. दहातल्या एकालाच नडणारी अडचण असेल तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता फक्त ४१ टक्के. म्हणजे पाच जण ठळक अडचणी दाखवतात, सगळ्या नाही, आणि "८० टक्के लोकांना ॲप जमलं" असलं वाक्य पाच जणांवरून कधीच लिहू नका, मीटिंगमध्ये ते कितीही भारी वाटलं तरी.

दुसरं म्हणजे पाच हा आकडा एका प्रकारच्या लोकांसाठी आहे. आपल्याकडे दोन प्रकार आहेत, तर पाच मुलं आणि पाच काकू, दोघं मिळून पाच नाहीत. बजेट कमी असेल तर मी प्रत्येकी तीन घेईन, दुरुस्ती करीन आणि मग परत तीन घेईन. एकदम दहा जण उरकण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

शोधायचं कुठे? ऑफिसमधले सहकारी नको, ते ॲप बनवणाऱ्यांसारखाच विचार करतात. ऐरोली स्टेशनवरून सकाळी उतरणाऱ्या गर्दीत आपला युजर आहे, पण त्या वेळी कुणाला थांबवू नका, कोणी थांबणारही नाही. पीजी आणि भाड्याच्या फ्लॅटमधल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जेवणाच्या सुट्टीत टपरीवर बरे भेटतात. काकू बचत गटाच्या ताईंकडून, पोळी-भाजी केंद्रातून, नाहीतर सोसायटीच्या महिला मंडळातून. फोनवर आधी दोन-तीन प्रश्न विचारून गाळणी लावा: आत्ता डबा लावलाय का, पूर्वी कधी लावला होता का, फोनवरून शेवटचं काय मागवलं. "तुम्हाला टेक्नॉलॉजी जमते का" हे विचारू नका, मुलं हो म्हणतात आणि काकू नाही म्हणतात, खरं दोन्ही नसतं.

मानधन द्याच. तासाभराचे तीनशे-पाचशे रुपये आणि येण्याजाण्याचा खर्च, आणि ते टेस्टच्या सुरुवातीलाच हातात द्या म्हणजे चांगलं बोललो तरच पैसे मिळतील असं कुणाला वाटणार नाही.

पायरी ३: टास्क लिहिणं

सगळ्यात जास्त टेस्ट इथे बिघडतात. "सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन पॉज करा" असा टास्क दिला तर समोरचा 'पॉज' नावाचं बटण शोधतो आणि त्याला ते सापडतं, तुम्ही खूश, पण तपासलं काय तर त्याला वाचता येतं का एवढंच. टास्कमध्ये स्क्रीनवरचा एकही शब्द येता कामा नये. गोष्ट सांगा, आणि ती त्याच्या आयुष्यातली हवी:

"समजा तुम्ही घणसोलीत नवीन राहायला आलात. सोमवारपासून दुपारचं जेवण ऑफिसला हवंय. गुरुवारी तुमचा उपास असतो. तर ह्यावर काय कराल ते करून दाखवा."

या एका टास्कमध्ये पत्ता, दिवस, वेळ आणि खाडा असं सगळं येतं आणि युजरला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. काकूंसाठी: "सकाळचे साडेसहा वाजलेत, कणीक मळायला घ्यायचीय, आज किती जणांसाठी मळाल?" इथे स्क्रीनवर २३ डबे दिसत असतील आणि काकू मनात पोळ्यांचा हिशोब करू लागल्या, कोणाला तीन कोणाला चार, तर टीमला तिथेच कळतं की डब्यांचा आकडा अर्धवट आहे, एकूण पोळ्या किती हे दाखवायला हवं.

टास्क चार-पाचच्या वर नको. सगळ्यात सोपा आधी. प्रत्येक टास्क वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात छापा आणि तरीही स्वतः वाचून दाखवा, कारण चष्मा घरी राहिलेला असतो.

पायरी ४: स्क्रीनमध्ये खरा मजकूर भरा

ॲप पूर्ण हवं असं नाही. फिगमा या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधला क्लिक होणारा नमुना चालतो, अगदी कागदावर काढलेल्या स्क्रीनही चालतात, युजरने बोट ठेवलं की तुम्ही पुढचा कागद सरकवायचा. काकूंना बोलून ऑर्डर बघायची सोय द्यावी का असा प्रश्न पडला असेल तर ती बनवायच्या आधी आतल्या खोलीत एकाला बसवा, काकू फोनला विचारतील आणि तो माणूस उत्तरं पाठवेल. जॉन केली यांनी हा प्रकार 'विझार्ड ऑफ ऑझ' या नावाने रूढ केला, १९८० च्या दशकातली गोष्ट, आजही तितकाच उपयोगी.

पण कागद असो की फिगमा, आतला मजकूर खरा हवा. "नाव १, पत्ता १" भरून टेस्ट केली की देवनागरीतल्या अर्ध्या अडचणी लपतात. ओळींमधलं अंतर इंग्रजी डिझाईनचंच ठेवलं तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. बारीक अक्षरात १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि डब्यांच्या संख्येत ही गंमत परवडत नाही. कोणी मराठी कीबोर्डवरून पिनकोड देवनागरी आकड्यांत टाकला की फॉर्म लाल होतो आणि चूक काय ते सांगत नाही. सर्चमध्ये कोणी 'पोळी' लिहितो, कोणी तेच रोमन लिपीत टाकतो, कोणी 'चपाती' म्हणतो, तिघांनाही तेच जेवण दिसायला हवं. मराठी टाइप करणं हा प्रश्न पवईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी यांच्या टीमने खूप गांभीर्याने घेतला होता, त्यातून स्वरचक्र कीबोर्ड आला. आपल्या ॲपपुरतं मी म्हणेन की जिथे निवडून भागतं तिथे टाइप करायला लावूच नका.

पत्त्याचा फॉर्म हा तर स्वतंत्र विषय. नवी मुंबईकर "सेक्टर ८, प्लॉट अमुक" असा पत्ता सांगतो, तिथे आखणीच तशी आहे. जुन्या ठाण्यातला माणूस "गावदेवीच्या मागची गल्ली, गिरणीच्या वर" असं सांगतो. एकाच फॉर्ममध्ये 'सेक्टर' हा रकाना कम्पलसरी केलात तर नौपाड्यातला माणूस तिथे काय भरणार? टेस्टमध्ये दोन्हीकडची माणसं घ्यायची ती यासाठी.

पायरी ५: परवानगी

साध्या मराठीत एक पान: आम्ही ॲप तपासतोय, तुम्हाला नाही, स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड होईल, कोण बघेल, कधी डिलीट करू, मध्येच उठून गेलात तरी पैसे तुमचेच. आधी वाचून दाखवा आणि मग सही घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, तेव्हा लहान मुलं-बिलं टेस्टमध्ये घेताना जपून. त्याहून व्यवहाराची गोष्ट म्हणजे युजरच्या स्वतःच्या फोनवर टेस्ट करताना रेकॉर्डिंगच्या आधी नोटिफिकेशन बंद करायला सांगा, बँकेचे मेसेज आणि ओटीपी व्हिडिओत यायला नकोत. पेमेंटचा टास्क असेल तर खोटी पेमेंट स्क्रीन वापरा, कोणाला खरा पिन टाकायला लावू नका.

फोन मात्र शक्यतो युजरचाच घ्या. तडा गेलेली काच, मेमरी भरलेला, अक्षरं सगळ्यात मोठी केलेली, असा. टीमच्या नव्या कोऱ्या फोनवर सगळंच छान चालतं.

पायरी ६: प्रत्यक्ष बैठक

जागा म्हणाल तर काम जिथे होतं तिथे. काकूंना वागळे इस्टेटच्या एसी ऑफिसात बोलावलं तर त्या साडी नेसून, अवघडून बसणार आणि दोन्ही हातांनी फोन धरणार. त्यांच्याच ओट्यापाशी गेलात तर दिसतं की एका हाताला कणीक लागलीय, फोन डब्यांच्या फळीला टेकवलाय, ओल्या बोटाने टच लागत नाहीये आणि कुकरच्या शिट्टीत नोटिफिकेशनचा आवाज येतच नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका तिथे पोचायला वेळ जास्त. ओल्या करंगळीने, हातभर अंतरावरून बारीक टिक मारताना बघितलं की तो नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

घरी गेलं की एक अडचण हमखास येते, ती म्हणजे बाकीची मंडळी. सासूबाईंना टास्क दिला की सून म्हणते "अहो आई, ते वरचं दाबा ना", नातू तर फोनच हिसकावून घेतो. त्यांना गप्प करायचं नाही, वाईट दिसतं. दोघं जण जा, एकाने टेस्ट घ्यायची आणि दुसऱ्याने सुनेला बाहेरच्या खोलीत बसवून तिचीच मुलाखत सुरू करायची, "घरी ऑर्डरचे मेसेज कोण बघतं" वगैरे. त्यात कधीकधी मूळ टेस्टपेक्षा जास्त माल मिळतो, कारण बऱ्याच घरांत फोन चालवणारी आणि स्वयंपाक करणारी वेगळी असते.

सुरुवात अशी करा: "हे ॲप मी बनवलेलं नाही, मला फक्त कुठे अडतं ते शोधायचंय, जितकं अडेल तितकं माझं काम होतं." खोटं बोलायचं नाही, म्हणून टेस्ट घेणारा खरोखरच डिझाईन न केलेला माणूस असू द्या. डिझायनरने कोपऱ्यात बसून नोट्स घ्याव्यात. मग सांगा की करताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. ही मोठ्याने विचार करण्याची पद्धत क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये आयबीएममध्ये असताना इंटरफेसच्या कामात आणली, त्यामागे एरिक्सन आणि सायमन यांचं मानसशास्त्रातलं काम होतं. आपल्याकडे लोकांना असं एकट्याने बडबडणं जमत नाही, तेव्हा आधी दुसऱ्याच एखाद्या ॲपवर तुम्ही स्वतः करून दाखवा, "आता मी इथे बघतोय, हे काय आहे कळत नाहीये, दाबून बघतो". तरी नाही जमलं तर दोन मैत्रिणींना एकत्र बसवा, त्या एकमेकींशी बोलतातच.

आणि मग गप्प. युजर थांबला, चाळीस सेकंद झाली, तुमचा हात शिवशिवतो तिकडे बोट दाखवायला, नाही दाखवायचं. "हे दाबलं की काय होईल?" असं त्याने विचारलं तर उलट विचारा, "तुम्हाला काय वाटतं, काय होईल?" अगदीच रडकुंडीला आला तर मदत करा पण नोंदीत 'मदत केली' असं लिहा. "सोपं होतं ना?" असा प्रश्न तोंडातून जाता कामा नये. "का दाबलं?" हेसुद्धा जरा जपून, आपल्याकडे 'का' म्हटलं की माणसाला जाब विचारल्यासारखं वाटतं, त्यापेक्षा "इथे काय शोधत होतात?" बरं.

मध्ये एकदा फोन एअरप्लेन मोडवर टाकायला सांगा. बेसमेंट पार्किंगमध्ये आणि लिफ्टमध्ये नेटवर्क जातंच, तेव्हा ऑर्डर गेली की नाही हे युजरला कळतंय का बघा. प्रतिसादाच्या वेळेचे जुने तीन आकडे आजही लागू आहेत: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची तंद्री तुटत नाही, १० सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं. दहा सेकंद नुसतं चक्र फिरत राहिलं की माणूस परत बटण दाबतो आणि दोन डबे लागतात.

दोन डिझाईनमध्ये तुलना करायची असेल तर अर्ध्या लोकांना आधी पहिलं आणि अर्ध्यांना आधी दुसरं दाखवा, नाहीतर नंतरचं नेहमीच सोपं वाटतं, सराव झालेला असतो. आणि दोन्ही तिसऱ्याच कोणीतरी बनवलीत असं वाटू द्या, बंगळुरूचा आकडा लक्षात आहे ना.

पायरी ७: नोंदी, आणि हवा तर एक स्कोर

नोंद प्रत्येक टास्कला तीनच प्रकारात: स्वतः केलं, मदतीने केलं, सोडून दिलं. सोबत चुकीचे टॅप आणि तोंडचे शब्द जसेच्या तसे. "युजर गोंधळला" हे निरीक्षण नाही, तो तुमचा अंदाज आहे; "खाडा टाकायला तीनदा प्रोफाइलमध्ये गेल्या आणि म्हणाल्या 'फोनच करते त्यांना'" हे निरीक्षण.

बॉसला आकडा हवाच असतो, त्यासाठी सिस्टीम युजेबिलिटी स्केल आहे, म्हणजे वापरायला किती सोपं वाटलं याची छोटी प्रश्नावली, जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये बनवलेली. दहा वाक्यं, प्रत्येकाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं). विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरीज गुणिले २.५. समजा उत्तरं ४, २, ४, ३, ४, २, ४, २, ३, ४ अशी आली, तर विषमचे १४, समचे १२, एकूण २६, स्कोर ६५. सरासरी ६८ धरतात, म्हणजे हे किंचित खाली. हे टक्के नव्हेत, शंभरपैकी ६५ मार्क म्हणून पास झालो असं समजू नका. सम क्रमांकाची वाक्यं नकारात्मक असतात, मराठीत वाचताना लोक घाईत उलटं उत्तर देतात, म्हणून ती तोंडी विचारा आणि सावकाश. पाच जणांवरचा हा स्कोर भलताच हलता असतो, मी तरी तो फक्त आधीच्या फेरीशी ढोबळ तुलनेसाठी वापरतो.

पायरी ८: काय दुरुस्त करायचं

त्याच संध्याकाळी बसा, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरतं. एका अडचणीला एक चिठ्ठी, सारख्या चिठ्ठ्या एकत्र, आणि प्रत्येक गठ्ठ्याला ० ते ४ गुण: ० म्हणजे अडचणच नाही, १ दिसण्यापुरती, २ किरकोळ, ३ मोठी, ४ म्हणजे हे घेऊन बाजारात जायचंच नाही. गुण टीममधल्या प्रत्येकाने वेगवेगळे द्या आणि मग जुळवा, नाहीतर सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचे गुण लागतात. पैसे चुकणं, डबा दोनदा लागणं, उपासाच्या दिवशी डबा येऊन पडणं हे ४. आयकॉन आवडला नाही हे १, आणि त्यावर तासभर वाद घालू नका.

युजरने सुचवलेला उपाय लिहून घ्या पण तोच करायचा असं नाही. "इथे मोठं लाल बटण द्या" म्हणजे त्याला बटण सापडलं नाही एवढंच कळतं; कदाचित ते बटण त्या स्क्रीनवर असायलाच नको, रोज रात्री "उद्या डबा हवा ना?" असा मेसेज गेला तर खाड्यासाठी ॲप उघडायचीच गरज नाही.

रिपोर्ट लांबलचक नको. एका पानावर ३ आणि ४ गुणांच्या अडचणी, प्रत्येकीला युजरचं एक वाक्य आणि वीस-तीस सेकंदांची क्लिप. काकूंचं पीठ लागलेलं बोट स्क्रीनवर घसरताना डेव्हलपरने स्वतः बघितलं की "युजरला वापरायची अक्कल नाही" हा वाद आपोआप मिटतो. बाहेर दाखवायच्या क्लिपमध्ये चेहरा आणि पत्ता झाका.

दुसरी फेरी दुरुस्तीनंतर लगेच, नव्या माणसांवर, त्याच टास्कनी. फक्त तारीख बघून ठरवा. श्रावणात आणि नवरात्रात अर्ध्या लोकांचे उपास बदललेले असतात, गणपतीत मुलं गावी जातात आणि काकूंना मोदकांच्या ऑर्डरी असतात, मार्चअखेरीला ऑफिसवाले तासभर देत नाहीत. त्या दिवसांत साधा डबा कोणी नेहमीसारखा लावत नाही, आणि खाड्याचा टास्क तर तपासूच नका.